शॉक जॉक, सरकार आणि अमेरिकी रेडिओवरची असभ्यता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॉक जॉक म्हणजे नेमकं कोण?

सकाळी लोक गाडीने कामाला निघालेले असतात त्या वेळेत ऐकणाऱ्याला लाज वाटेल, चीड येईल किंवा हसूच आवरणार नाही असं मुद्दाम बोलून श्रोते जमवणारा रेडिओ निवेदक. अमेरिकेत ही जात साधारण १९८० च्या दशकात फोफावली. त्यातला सगळ्यांत गाजलेला हॉवर्ड स्टर्न. न्यू यॉर्कच्या डब्ल्यूएनबीसी स्टेशनने १९८५ मध्ये त्याला काढलं. त्याच वर्षी तो तिथल्याच के-रॉक स्टेशनवर आला आणि तिथून त्याचा कार्यक्रम एकेक करत इतर शहरांतही वाजू लागला. डॉन आयमस, ओपी आणि अँथनी, फ्लोरिडातला बब्बा द लव्ह स्पंज (हो, हे नाव त्याने रीतसर कागदोपत्री घेतलेलं आहे) हे याच पंगतीतले.

पुढच्या उत्तरांत स्टर्न वारंवार येईल. तो सर्वांत अश्लील होता म्हणून नव्हे. त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीत रेडिओवरच्या असभ्यतेच्या कायद्याची जवळजवळ सगळी कलमं आणि सगळे कच्चे दुवे दिसतात म्हणून.

अमेरिकेत तर बोलण्याचं स्वातंत्र्य घटनेतच आहे. मग रेडिओला दंड कसा होतो?

वर्तमानपत्राला होत नाही, पुस्तकाला होत नाही, केबल वाहिनीलाही होत नाही. आकाशातून मोफत येणाऱ्या रेडिओ-टीव्हीला होतो. कारण लहरी मर्यादित आहेत, त्या जनतेच्या मालकीच्या आहेत आणि कंपनीला त्या परवान्यावर वापरायला मिळतात. परवाने देते ती एफसीसी, म्हणजे १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेला संघीय दळणवळण आयोग. गंमत अशी की याच कायद्यात एफसीसीला सेन्सॉरशिप करायला मनाई आहे, आणि फौजदारी कायद्यात मात्र रेडिओवर अश्लील, असभ्य किंवा शिवराळ बोलणं हा गुन्हा आहे. एका हाताने मना केलं आणि दुसऱ्या हाताने दिलं. यावर एफसीसीचं उत्तर ठरलेलं असतं: आम्ही प्रसारणाआधी काही अडवत नाही, नंतर तक्रार आली तर बघतो.

अश्लील आणि असभ्य यांत फरक काय?

अश्लील मजकुराला घटनेचं संरक्षणच नाही, त्यामुळे तो मध्यरात्रीही चालत नाही. त्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये घातली आणि ती बरीच कडक आहे. असभ्य मजकुराला संरक्षण आहे, पण रेडिओ-टीव्हीवर दिवसा नाही. लैंगिक किंवा मलमूत्रविषयक अवयव वा क्रिया यांचं वर्णन समाजाच्या आजच्या मापाने उघडउघड आक्षेपार्ह ठरेल अशा भाषेत केलं, तर ते असभ्य. त्याला मोकळीक रात्री दहा ते सकाळी सहा. ही वेळही सरळ ठरली नाही. संसदेला १९८८ मध्ये चोवीस तास बंदी हवी होती, ती कोर्टात टिकली नाही. १९९२ मध्ये मध्यरात्र ते सहा असा कायदा झाला. तोही कोर्टाने १९९५ मध्ये दहापर्यंत खाली आणला.

व्याख्येत काय नाही तेही पाहा. द्वेष नाही, खोटेपणा नाही, एखाद्याचा अपमान नाही, हिंसा नाही. फक्त कमरेखालचं.

हे प्रकरण सुरू कुठून झालं?

एका तक्रारीपासून. ३० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी दोनच्या सुमारास न्यू यॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या ना-नफा स्टेशनने विनोदवीर जॉर्ज कार्लिनचं एक ध्वनिमुद्रण लावलं. रेडिओवर कधीही उच्चारता न येणाऱ्या शब्दांची तो त्यात यादीच वाचतो आणि ते शब्द समाजाला का झोंबतात याची टर उडवतो. एक गृहस्थ मुलाला घेऊन गाडीतून जात असताना त्यांनी ते ऐकलं आणि नंतर एफसीसीला पत्र लिहिलं. मुलगा लहान होता असं सांगितलं जातं, पण तो पंधरा वर्षांचा होता. गृहस्थ अश्लीलताविरोधी संघटनेशी संबंधित होते, हेही पुढे आलं. दुसरी तक्रार नव्हती.

एफसीसीने दंड केला नाही. स्टेशनच्या फायलीत शेरा मारला. पुढे परवान्याच्या वेळी तो विचारात घेऊ, एवढंच. स्टेशनची मालक संस्था पॅसिफिका कोर्टात गेली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरली. बहुमताचं म्हणणं असं की रेडिओ घरात न विचारता शिरतो, आणि ज्याला अजून वाचताही येत नाही अशा पोरालाही तो ऐकू येतो. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निकालात डुकराची उपमा घेतली: डुक्कर दिवाणखान्यात शिरलं की आयोगाने कारवाई करावी, ते अश्लील आहे का हे सिद्ध करत बसायची गरज नाही.

रेडिओवरच्या असभ्यतेचा कायदा आजही या एका मताच्या फरकावर उभा आहे.

मग स्टर्न यात कधी सापडला?

निकालानंतर जवळजवळ नऊ वर्षं एफसीसी कार्लिनच्या त्या सात शब्दांपुरतीच पाहत होती. ते सोडून काहीही सूचकपणे बोला, चालत होतं, आणि स्टर्नचा सगळा धंदाच सूचकतेवर. एप्रिल १९८७ मध्ये एफसीसीने जाहीर केलं की यापुढे शब्द मोजणार नाही, संदर्भासकट आशय पाहू. ज्या तीन स्टेशनांच्या प्रकरणांत हे जाहीर झालं त्यांत फिलाडेल्फियाचं डब्ल्यूवायएसपी होतं. तिथे स्टर्नचाच कार्यक्रम वाजायचा. उरलेली दोन म्हणजे पॅसिफिकाचंच लॉस एंजेलिसचं स्टेशन आणि एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं.

वकिलांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा. सात शब्द पाठ करता येतात. ‘संदर्भासकट आक्षेपार्ह’ कसं पाठ करणार?

दंड कोण भरतं? निवेदक की स्टेशन?

स्टेशन, म्हणजे परवानाधारक कंपनी. हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि माझ्या मते कळीचा तोच आहे.

स्टर्नने आपल्या खिशातून एफसीसीला काही भरलं नाही. त्याची मालक कंपनी इन्फिनिटी कज्जे लढत राहिली आणि १९९५ मध्ये सुमारे १७ लाख डॉलर सरकारी तिजोरीत ‘स्वेच्छेने’ भरून, चूक मान्य न करता, मोकळी झाली. त्या काळात इन्फिनिटी एकामागून एक स्टेशनं विकत घेत होती, आणि परवाना एका कंपनीकडून दुसरीकडे जायचा तर एफसीसीची मंजुरी लागते. स्टर्न मिळवून देत असलेल्या जाहिरातींच्या मानाने १७ लाख काहीच नव्हते. अडकलेला व्यवहार मात्र परवडण्यासारखा नव्हता.

म्हणजे एफसीसीला कोणाला गप्प बसवायची गरजच पडत नाही. परवाना ज्याच्या नावावर आहे तोच माइकवाल्याकडे बघून घेतो.

स्टर्न खरंच निवडणुकीला उभा राहिला होता?

हो. १९९४ मध्ये न्यू यॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी, लिबर्टेरियन पक्षाकडून. जाहीरनामा तीन कलमी: फाशीची शिक्षा परत आणायची, टोलनाक्यांवरची कोंडी कमी करायची आणि रस्त्यांची कामं फक्त रात्री करायची. उमेदवाराला आपली आर्थिक माहिती उघड करावी लागते हे कळल्यावर ऑगस्टमध्ये त्याने माघार घेतली आणि पुढे रिपब्लिकन जॉर्ज पटाकी यांना पाठिंबा दिला. पटाकी निवडून आले आणि त्यांनी रस्त्यांच्या रात्रीच्या कामांचा कायदा सही करून स्टर्नच्या नावे अर्पणही केला. शेजारच्या न्यू जर्सीत गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी स्टर्नने आपल्याला दिलेल्या पाठिंब्याची परतफेड म्हणून आय-२९५ महामार्गावरच्या एका विश्रांतिस्थळाला त्याचं नाव दिलं. वॉशिंग्टनहून दंड आणि राज्यांकडून सत्कार, दोन्ही १९९५ सालचंच.

२००४ मध्ये एवढं काय घडलं?

१ फेब्रुवारी २००४. ह्यूस्टनमध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना. मध्यंतराच्या कार्यक्रमात गायक जस्टिन टिंबरलेकने गायिका जॅनेट जॅक्सनच्या पोशाखाचा तुकडा ओढला आणि सेकंदाच्या नऊ-षोडशांश भागापुरता तिचा स्तन देशभर दिसला. एफसीसीकडे ५ लाख ४० हजारांहून जास्त तक्रारी आल्या. सामना दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीच्या वीस स्टेशनांना मिळून ५ लाख ५० हजार डॉलरचा दंड झाला.

दृश्य टीव्हीवरचं, पण विस्तव पडला रेडिओवर. वातावरण आधीच तापलेलं होतं. २००२ मध्ये ओपी आणि अँथनी यांनी श्रोत्यांना सार्वजनिक जागी संभोग करण्याची स्पर्धा लावली. एक जोडपं न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये पकडलं गेलं आणि कार्यक्रम बंद झाला. जानेवारी २००४ मध्ये बब्बाच्या कार्यक्रमासाठी क्लिअर चॅनल कंपनीवर ७ लाख ५५ हजारांचा दंड प्रस्तावित झाला होता. फेब्रुवारीत क्लिअर चॅनलने बब्बाला काढलं. २५ फेब्रुवारीला आपल्या सहा स्टेशनांवरून स्टर्नचा कार्यक्रम थांबवला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या रेडिओ विभागाचे प्रमुख संसदेच्या समितीपुढे साक्षीला बसायचे होते. तारखा शेजारी ठेवून पाहा, फार काही समजावून सांगायला नको.

मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने दंड वाढवण्याचं विधेयक ३९१ विरुद्ध २२ मतांनी मंजूर केलं. एप्रिलमध्ये एफसीसीने स्टर्नच्या आदल्या वर्षीच्या एका कार्यक्रमासाठी क्लिअर चॅनलवर ४ लाख ९५ हजारांचा दंड सुचवला आणि कंपनीने त्याला कायमचं काढलं. जूनमध्ये क्लिअर चॅनलने साडेसतरा लाख भरून सगळी प्रकरणं मिटवली. नोव्हेंबरमध्ये इन्फिनिटीची मालक व्हायाकॉम हिने ३५ लाख भरले. वाढीव दंडाचा कायदा जून २००६ मध्ये आला: एका उल्लंघनाला ३२,५०० ऐवजी ३ लाख २५ हजार डॉलर.

बुश यांच्यावर टीका केली म्हणून स्टर्नला काढलं, हे खरं आहे का?

स्टर्नचं म्हणणं तेच होतं आणि तो ते रोज सकाळी सांगत होता. त्याच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी अशा: इराक युद्धाला त्याने आधी पाठिंबा दिला होता आणि नुकताच तो बुश यांच्यावर उलटला होता. क्लिअर चॅनलच्या वरिष्ठांचे टेक्ससमधल्या बुश वर्तुळाशी जुने संबंध होते. कंपनीचे उपाध्यक्ष टॉम हिक्स यांनी टेक्सस रेंजर्स हा बेसबॉल संघ बुश यांच्या गटाकडूनच विकत घेतला होता. शिवाय सहा स्टेशनांत पिट्सबर्ग, ऑरलँडो आणि मायामी परिसर होते, म्हणजे पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा, दोन्ही अटीतटीची राज्यं.

आता उलट बाजू. स्टर्न जे २००४ मध्ये बोलत होता तेच १९८७ पासून बोलत होता, पण त्या फेब्रुवारीत बब्बालाही काढलं गेलं आणि त्याचा बुश यांच्याशी काही वाद नव्हता. विधेयकाला मतं देणाऱ्यांत डेमोक्रॅट्स भरपूर होते. एफसीसीत सगळ्यात कडक भूमिका घेणारे, परवानेच रद्द करा म्हणणारे आयुक्त मायकेल कॉप्स हे डेमोक्रॅट. आणि त्याच उन्हाळ्यात इन्फिनिटीने स्टर्नला पिट्सबर्ग, ऑरलँडोसारख्या शहरांत दुसऱ्या स्टेशनांवरून परत आणलं. गप्प करायचाच बेत असेल तर तो फसलेला बेत होता.

माझं मत विचाराल तर व्हाइट हाउसमधून फोन आला असेल असं मला वाटत नाही. फोनची गरज नव्हती. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीकडे किती रेडिओ स्टेशनं असावीत याची देशपातळीवरची मर्यादा काढून टाकली आणि क्लिअर चॅनल पंचेचाळिसेक स्टेशनांवरून बाराशेच्या घरात गेली. बाराशे परवाने हातात असलेली कंपनी संसदेच्या समितीपुढे जाताना कोणाला गाडीतून उतरवेल? जो सर्वांत त्रासदायक आहे त्याला. तो सरकारवर टीकाही करत असेल तर त्याच्यासाठी भांडायला आणखी कमी लोक येतात.

ऑक्टोबर २००४ मध्ये एफसीसीचे अध्यक्ष मायकेल पॉवेल सॅन फ्रान्सिस्कोच्या केजीओ स्टेशनवर पाहुणे असताना स्टर्नने तिथे फोन लावला आणि तुम्हाला ही नोकरी वडिलांमुळे मिळाली का, असं थेट विचारलं. वडील म्हणजे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल. आयोगाचा अध्यक्ष आणि ज्याच्या कार्यक्रमांवर आयोग दंड ठोकतो तो निवेदक एकमेकांशी थेट बोलले, असा प्रसंग या इतिहासात क्वचितच सापडेल.

लाखो लोक तक्रार करतात, म्हणजे लोकांनाच हे नको असेल ना?

सुपर बोलच्या वेळी बऱ्याच जणांना खरंच धक्का बसला असेल. इतर वेळी आकडा जरा खरवडून पाहावा. पेरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल या संघटनेने संगणकावरून एका टिचकीत तक्रार पाठवायची सोय केली आणि तक्रारींचा डोंगर झाला. ऑक्टोबर २००४ मध्ये फॉक्स टीव्हीच्या एका विवाहविषयक रिअॅलिटी कार्यक्रमावर एफसीसीने सुमारे १२ लाख डॉलरचा दंड सुचवला, १५९ तक्रारी आल्याचं सांगून. माहितीच्या कायद्याखाली एका पत्रकाराने त्या मागवल्या तेव्हा त्या नव्वद निघाल्या, पाठवणारे तेवीस जण, आणि स्वतःच्या शब्दांत लिहिणारे तिघे. बाकी सगळी एकाच मजकुराची नक्कल.

उलटा परिणामही झाला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, माजी सैनिक दिनी, एबीसी या टीव्ही वाहिनीच्या साठहून जास्त संलग्न स्टेशनांनी ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ हा युद्धपट दाखवलाच नाही. सैनिकांच्या तोंडी शिव्या आहेत आणि दंड होईल ही भीती. एफसीसीने काही महिन्यांनी सांगितलं की तो असभ्य नव्हता. अशा वेळी ‘आधी विचारा’ असंही म्हणता येत नाही, कारण आधी सांगणं म्हणजे सेन्सॉरशिप!

वंशद्वेषी बोलणं यात बसतं का?

नाही. आपल्या लोकांनी हे २००४ च्या अखेरीस ऐकलं. फिलाडेल्फियाच्या पॉवर ९९ एफएमवर एका निवेदकाने भारतातल्या कॉल सेंटरमधल्या तरुणीला कार्यक्रमातून फोन लावून, केसांच्या मण्यांच्या ऑर्डरचं निमित्त करून, वंशावरून घाण शिव्या दिल्या. ध्वनिमुद्रण पसरल्यावर अमेरिकेतल्या भारतीयांनी मोठा गदारोळ केला, निवेदकाचं निलंबन अगदी नावापुरतं झालं. स्टेशन क्लिअर चॅनलचंच, वर्ष तेच, जेव्हा कंपनी सभ्यतेबाबत ‘शून्य सहनशीलता’ जाहीर करत होती. काही महिन्यांनी न्यू जर्सीच्या १०१.५ एफएमवर एडिसनचे महापौरपदाचे उमेदवार जुन चोई यांची आशियाई उच्चारांची नक्कल करत खिल्ली उडवली गेली. एडिसन म्हणजे जिथे मराठी मंडळीही मोठ्या संख्येने राहतात ते गाव. तिथे जाहिरातदार मागे हटले, मग माफी आली. चोई निवडून आले.

आयमसचंही तसंच. एप्रिल २००७ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघातल्या कृष्णवर्णीय मुलींबद्दल तो जे बोलला त्यावरून आठवड्याभरात सीबीएस रेडिओने त्याला काढलं. एफसीसीने नव्हे, पळालेल्या जाहिरातदारांनी. वर्ष संपायच्या आत तो दुसऱ्या स्टेशनवर परतलाही.

रश लिंबॉ शॉक जॉक होता का?

धाटणी तीच, माल वेगळा. तो राजकीय बोलायचा, आणि वादग्रस्त विषयांवर दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन एफसीसीने १९८७ मध्येच काढून टाकलं होतं. लिंबॉचा देशव्यापी कार्यक्रम १९८८ मध्ये सुरू झाला. ज्या वर्षी सरकारने राजकारणावरचा लगाम सोडला त्याच वर्षी चावटपणावरचा आवळला, ही जोडी मला फार बोलकी वाटते.

राजकारणी मात्र स्टर्नकडेही जात. डोनाल्ड ट्रम्प त्याचे नेहमीचे पाहुणे. सप्टेंबर २००२ मध्ये इराकवर स्वारी करावी का असं स्टर्नने विचारलं, ट्रम्प ‘हो, करावी बहुतेक’ अशा अर्थाचं काही पुटपुटले. युद्धाला आपला पहिल्यापासून विरोध होता या त्यांच्या दाव्यावर २०१६ च्या निवडणुकीत हीच फीत वाजली.

सॅटेलाइट रेडिओला हे नियम का लागू नाहीत?

तो पैसे भरून, आपणहून घरात आणावा लागतो. ऑक्टोबर २००४ मध्ये स्टर्नने सिरियस या सॅटेलाइट रेडिओ कंपनीशी पाच वर्षांचा, सुमारे ५० कोटी डॉलरचा करार जाहीर केला आणि ९ जानेवारी २००६ ला तो तिथे सुरू झाला. पॉडकास्ट आणि यूट्यूबही याच कारणाने बाहेर.

सर्वोच्च न्यायालयाने शेवटी काय ठरवलं?

मूळ प्रश्नाला बगल दिली. पुरस्कार सोहळ्यांत निसटलेल्या एकेका शिवीवर फॉक्सला दोषी धरता येतं का, यावर २००९ मध्ये एफसीसी पाच-चारने जिंकली. तेच प्रकरण २०१२ मध्ये परत आलं, तेव्हा कोर्टाने एकमताने फॉक्सला सोडलं: नियम बदलल्याची पूर्वसूचना दिली नव्हती म्हणून. धोरण घटनेत बसतं का, यावर एक शब्द नाही. जॅक्सन प्रकरणातला दंड खालच्या कोर्टाने दोनदा रद्द केला आणि २०१२ मध्ये तोच निर्णय कायम राहिला. पॅसिफिका निकाल तसाच उभा आहे.

मग आज हा कायदा मेला आहे का?

वापर फार कमी झालाय. २०१५ मध्ये व्हर्जिनियातल्या एका टीव्ही स्टेशनला बातमीत चुकून दिसलेल्या दृश्यासाठी पूर्ण ३ लाख २५ हजारांचा दंड झाला, ती ठळक नोंद. पण परवान्याचा दोर तसाच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी एबीसीवर रात्रीचा विनोदी कार्यक्रम करणाऱ्या जिमी किमेलच्या एका राजकीय वक्तव्यावरून त्या वाहिनीला जाहीर तंबी दिली. त्यात असभ्यतेचा संबंध नव्हता, ‘जनहिता’चा होता. नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या स्टेशनमालक कंपन्यांनी कार्यक्रम बंद ठेवण्याचं जाहीर केलं, एबीसीने तो थांबवला आणि आठवड्याभरात परत सुरू केला. नेक्सस्टारचा टेग्ना कंपनी विकत घेण्याचा व्यवहार तेव्हा एफसीसीच्या मंजुरीवर अवलंबून होता. १९९५ ची इन्फिनिटी आठवते?

भारतात असे शॉक जॉक का नाहीत?

आपल्याकडे दोर आणखी आखूड आहे. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये म्हटलं, पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवर बोलायची परवानगीच नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, आणि कार्यक्रमांना आकाशवाणीचीच संहिता लागू. त्यामुळे पुण्या-मुंबईचा आरजे फोनवरून लोकांची फिरकी घेतो, ट्रॅफिकवर वैतागतो, खड्ड्यांवर गाणं करतो. मंत्र्याचं नाव घेऊन रोज सकाळी चार तास बोलणारा तुम्ही ऐकला आहे का?

मी अमेरिकेत राहतो. तक्रार करायची असेल तर?

एफसीसीच्या संकेतस्थळावर अर्ज आहे, पैसे लागत नाहीत. स्टेशनचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं काय बोललं गेलं ते लिहा. रात्री दहानंतरचं असेल तर फक्त अश्लील ठरलं तरच उपयोग. आणि मजकूर स्वतःचा लिहा.